ढोपर, पायरी आणि निर्णय : महाड-पोलादपूर परिसरातील गुडघ्याच्या झिजेचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

मराठी भाषेने गुडघ्याला फारसा मान दिलेला नाही. अक्कल गुडघ्यात असणे, गुडघ्याला बाशिंग बांधणे, गुडघे टेकणे हे वाक्प्रचार पाहिले तर हा अवयव एकतर उपहासाचा विषय होतो किंवा शरणागतीचा. इतिहासलेखनातही त्याची अवस्था याहून बरी नाही. साथीचे रोग, दुष्काळ, प्रसूतीतील मृत्यू, सर्पदंश यांचा इतिहास थोडाफार लिहिला गेला. जो आजार जीव घेत नाही, पण वीस-पंचवीस वर्षे माणसाला घराच्या उंबऱ्यापाशी अडवून ठेवतो, त्याची नोंद घेण्याची आवश्यकता इतिहासकारांस सहसा भासली नाही.

प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात गुडघ्याच्या संधिझिजेचा, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिसचा, आणि गेल्या अडीच दशकांत त्यावर उपलब्ध झालेल्या कृत्रिम सांधेरोपणाचा विचार केला आहे. या भागातील वृद्ध, विशेषतः स्त्रिया, शस्त्रक्रियेचा सल्ला मिळूनही निर्णय वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. शहरी वैद्यकीय वर्तुळात याचे स्पष्टीकरण अज्ञान किंवा भीती असे दिले जाते. प्रस्तुत लेखिकेस हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. या दिरंगाईमागे भूगोल, श्रमविभागणी, स्थलांतर आणि बसण्या-उठण्याची एक जुनी रीत यांचा इतिहास आहे. तो ध्यानी घेतला असता ही दिरंगाई पुष्कळशी हिशेबी ठरते, असे येथे मांडावयाचे आहे.

चढउताराचा प्रदेश

सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पश्चिम उतारावर हे दोन तालुके वसले आहेत. सावित्री, गांधारी, काळ या नद्यांची खोरी सोडल्यास सपाट जमीन थोडी. पोलादपूर हा पूर्वी महाड तालुक्यातीलच एक पेटा होता. पुढे तो स्वतंत्र तालुका झाला. ज्या जिल्ह्यात हे तालुके मोडतात त्याचे कुलाबा हे नाव १९८१ मध्ये बदलून रायगड असे करण्यात आले. महाड हे जुने व्यापारी ठाणे. बाणकोटच्या खाडीतून गलबते सावित्रीच्या पात्राने वर येत, आणि येथे उतरलेला माल घाटवाटांनी देशावर जाई. आज वरंध घाटाने भोरकडे आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे मोटारी जातात. त्या रस्त्यांच्या आधी आणि त्यांच्या बरोबरीनेही पायवाटांचे एक दाट जाळे येथे होते. गाव खोऱ्यात, वाडी टेकडीवर, वरकस जमीन त्याहून वर आणि पाणी खाली, अशी येथील वस्तीची सर्वसाधारण रचना. दिवसातून तीन-चार वेळा उतरणे आणि चढणे हा या रचनेतच अंतर्भूत असलेला श्रम होय.

गुडघ्याच्या दृष्टीने यातील उतरणे अधिक महत्त्वाचे आहे. मापनयंत्र बसविलेल्या कृत्रिम सांध्यांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासांतून असे दिसते की सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. जिना उतरताना तो जवळजवळ साडेतीनपट होतो. डोक्यावर लाकडाची मोळी, गवताचा भारा किंवा पाण्याचा हंडा असेल तर मूळ वजनच वाढते. गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते, आणि दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राकृती गाद्या असतात. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एकदा झिजलेला भाग सहसा पूर्ववत भरून येत नाही. झीज वाढली की हाडाच्या कडांवर वाढी फुटतात, सांधा सुजतो, पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूस वाकू लागतो. ही झीज केवळ कष्टांनीच होते असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. वय, वजन, आनुवंशिकता, पूर्वीची दुखापत ही कारणेही तितकीच खरी आहेत. तथापि दीर्घकाळ उकिडवे बसणे आणि ओझे वाहणे यांचा या आजाराशी असलेला संबंध अनेक अभ्यासांतून पुढे आला आहे. चीनमधील बीजिंग येथील वृद्धांच्या पाहणीत तेथील स्त्रियांमध्ये गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षा अधिक आढळले (२००१). तरुणपणी दररोज दीर्घकाळ उकिडवे बसण्याची सवय हे त्याचे एक कारण असावे, असे त्याच पाहणीच्या पुढील विश्लेषणात (२००४) सुचविण्यात आले. आपल्याकडे याच्या जवळचा पुरावा भिगवणचा आहे. पुणे जिल्ह्यातील या गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये सुरू झालेल्या सांधेविकारांच्या पाहणीत सुमारे चार हजार प्रौढांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना हाडे-स्नायू-सांध्यांच्या तक्रारी आढळल्या. भिगवण देशावरचे, तुलनेने सपाट प्रदेशातील गाव आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

गड, पायरी आणि पाचाडचा वाडा

या परिसराचा लिखित इतिहास प्रामुख्याने चढणाऱ्यांचा आहे. १६५९ चा प्रतापगडाचा प्रसंग याच डोंगरांत घडला. सिंहगडाच्या १६७० च्या मोहिमेत धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसरे यांचे उमरठ हे गाव पोलादपूर तालुक्यात आहे. कडा चढणारा मावळा ही महाराष्ट्राच्या मनातील प्रतिमा बहुतांशी याच खोऱ्यांनी पुरविली. या प्रतिमेतील माणूस नेहमी तरुण असतो. साठीनंतर त्याच मावळ्याच्या ढोपरांचे काय झाले, हे बखरकाराने लिहिले नाही. ते त्याचे कामही नव्हते.

एक अपवाद मात्र उल्लेखनीय वाटतो. रायगडावर राजधानी असताना राजमाता जिजाबाई यांचे वास्तव्य गडाच्या पायथ्याशी पाचाड येथील वाड्यात असे. गडावरचा थंड वारा त्यांना मानवत नसे म्हणून हा वाडा बांधण्यात आला, असे परंपरा सांगते. वाड्याच्या आवारात एक विहीर आहे. तिच्या काठावर पाठ टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या केलेला असल्याने ती तक्क्याची विहीर म्हणून ओळखली जाते. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस पाचाडच्या वाड्यात जिजाबाईंचे निधन झाले. त्यांच्या सांध्यांविषयी कोणतेही अनुमान काढण्यास आधार नाही आणि तसे काढणे अनुचितही होईल. येथे मुद्दा एवढाच आहे की, वृद्ध व्यक्तीला शिखरावर नेण्याऐवजी तिच्या सोयीची वास्तू पायथ्याशी उभी करण्याची रीत या भूमीस अपरिचित नव्हती. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हाही मे १६७४ मध्ये प्रथम पाचाडास मुक्काम करून मग गडावर चढला.

रायगडाच्या पायऱ्या सुमारे दीड हजार असल्याचे सांगितले जाते. हिरकणीवाडीतून १९९६ मध्ये रज्जुमार्ग सुरू झाला आणि ही चढण चार-पाच मिनिटांवर आली. या घटनेचा विचार पर्यटनाच्या अंगाने पुष्कळ झाला. दुसऱ्या अंगाने पाहता, ज्यांनी तरुणपणी गड अनवाणी चढला होता अशा कितीतरी वृद्धांना तो पुन्हा पाहता आला, ही गोष्ट कमी मोलाची नाही. ज्या यंत्राने पाहुण्यांचे गुडघे वाचविले, त्याने गडाभोवतीच्या वाड्यांतील रोजची चढण मात्र कमी केली नाही. ताक, दही, पिठले-भाकरी घेऊन गडावर जाणाऱ्या बायकांनी पायऱ्यांवर किती वर्षे घालविली, याचा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा.

कोणाचे गुडघे झिजले?

या प्रश्नाचे उत्तर श्रमविभागणीत शोधावे लागते. कोकणातील खोती पद्धतीत कुळाला शेतसाऱ्याखेरीज खोताकडे वेठही करावी लागे. गावकीच्या वतनात महार समाजाकडे निरोप पोहोचविणे, सरकारी सामान वाहणे, वाटाड्या म्हणून पुढे चालणे ही कामे होती. ही सर्व कामे पायांची आहेत. कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात शेतकऱ्यांचा दीर्घ संप झाला. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्यासाठीही लोक दूरदूरच्या गावांतून पायी आले होते. खोतीचे निर्मूलन १९४९ च्या कायद्याने झाले, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. कायद्याने वेठ संपली, ओझे संपले नाही. ते घरातल्या घरात एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेले.

हे हस्तांतर समजून घेण्यासाठी मुंबईकडे पाहावे लागते. महाड-पोलादपूरच्या घरटी एक-दोन पुरुष गिरणीत, गोदीत किंवा अन्य नोकरीत, आणि गावी मनीऑर्डर, ही व्यवस्था विसाव्या शतकात स्थिरावली. शेती मागे राहिलेल्या स्त्रियांनी सांभाळली. या शेतीचे वर्षचक्र पाहिले तर गुडघ्याला विश्रांती देणारा काळ फार थोडा दिसतो. शिमग्याच्या आगेमागे राबासाठी कवळ तोडून भारे डोक्यावरून खाली आणावयाचे. पावसाच्या तोंडावर पेरणी. आषाढात उकिडवे बसून आवण काढावयाचे आणि गुडघाभर चिखलात वाकून लावणी करावयाची. नाचणी-वरीसाठी वरकस जमिनीवर चढावयाचे. दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडणी, मग पुन्हा लाकूडफाटा. घरी आल्यावर विळीवर चिरणे, चुलीपुढे बसणे, सारवणे, आणि पूर्वी जाते व उखळ. गुडघ्याची संधिझीज पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते आणि पन्नाशीनंतर ते अंतर वाढते, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. या खोऱ्यांत त्या सर्वसामान्य नियमावर वर्षचक्राची भर पडली.

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतून परतलेल्या पुरुषांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. साच्यापुढे आठ-आठ तास उभे राहून आणि चाळीचे जिने चढून आलेली ही माणसे शेतीस पुन्हा जुंपली गेली, तेव्हा त्यांचे वय चाळीस-पंचेचाळीस होते. आज त्यांच्यातील हयात मंडळी ऐंशीच्या घरात आहेत.

शेक, तेल आणि कढत पाणी

या आजाराला येथील बोलीत वेगळे नाव नाही, त्याला वात म्हणतात. हे नाव जुन्या शास्त्राशी जुळणारे आहे. चरकसंहितेत सांध्यांत शिरलेल्या वायूचे वर्णन करताना हवा भरलेल्या पखालीसारखी सूज आणि पाय आखडता-पसरताना होणारी वेदना ही लक्षणे दिली आहेत. माधवनिदानात आमवाताचा स्वतंत्र विचार केलेला आहे. झिजेचा सांधेविकार आणि दाहाचा सांधेविकार वेगळे आहेत, ही जाण त्यामागे दिसते. व्यवहारात मात्र दोहोंना एकच शब्द चालतो आणि त्यामुळे उपचारांतही सरमिसळ होते. निरगुडीचा शेक, रुईचे किंवा एरंडाचे पान तापवून बांधणे, करंजेल, उंडीचे तेल, क्वचित बिब्ब्याचा डाग, असा घरगुती क्रम असे. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. अंगदुखी आणि त्वचाविकार यांसाठी तेथे स्नान करण्याची प्रथा जुनी आहे.

या उपायांकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. उष्णतेने स्नायूंचा ताठरपणा कमी होतो आणि वेदना काही काळ शमते, हे आधुनिक भौतिकोपचारही मानतो. बिब्ब्याने मात्र कातडी भाजते आणि सांध्यास काहीही लाभ होत नाही. सर्वांत हानिकारक ठरली ती नंतरच्या काळात रुळलेली सवय, म्हणजे दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून वर्षानुवर्षे घेण्याची. अशा गोळ्यांनी जठरास व्रण होतात, मूत्रपिंडास अपाय होतो, आणि ज्या वयात शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा त्या वयात शरीर शस्त्रक्रियेस अयोग्य होऊन बसते. कोणत्या पुडीत काय आहे हे न कळता घेतलेली वाताची औषधे याच वर्गात मोडतात.

महाडचे वैद्यकीय नाव जगात झाले ते विंचूदंशामुळे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात रुजू झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाची लक्षणे बारकाईने नोंदविली. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, प्राझोसिन या औषधाच्या वापराने पुढे असंख्य प्राण वाचले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण केंद्रातील काटेकोर नोंद किती दूर पोहोचू शकते याचे हे उदाहरण आहे. विंचवाचा रोगी रात्रीतून दगावतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जाते. गुडघ्याच्या रोग्याला तसा तातडीचा दावा करता येत नाही.

हस्तिदंतापासून ब्रीच कँडीपर्यंत

कृत्रिम गुडघ्याचा प्रारंभ बर्लिन येथे झाला. थेमिस्टोक्लिस ग्लुक या शल्यविशारदाने १८९० च्या सुमारास क्षयाने निकामी झालेल्या सांध्यांत हस्तिदंती सांधे बसविण्याचा प्रयत्न केला. जंतुसंसर्गामुळे तो टिकला नाही. पुढील मोठी प्रगती इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे झाली. सर जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये खुब्यासाठी धातू आणि पॉलिएथिलीन यांची जोडी यशस्वी केली, आणि तेथेच फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये गुडघ्याच्या नैसर्गिक हालचालीस अनुसरणारा सांधा बसविला. आजच्या गुडघ्याचा थेट पूर्वज म्हणता येईल असा सांधा न्यूयॉर्क येथे १९७४ मध्ये प्रथम बसविला गेला. तो घडविणाऱ्या त्रयीत जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्यासमवेत इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते.

याच डॉ. राणावतांनी ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली. प्रस्तुत लेखिकेच्या मते मराठी ग्रामीण समाजात गुडघा बदलता येतो ही कल्पना रुजण्यात या घटनेचा वाटा मोठा आहे. त्यापूर्वी ही शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात होत नव्हती असे नाही. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने अस्थिरोगांवर मोठे कार्य केले होते, आणि भारतीय शरीराची मापे ध्यानात घेऊन त्यांनी इंडस नावाचा स्वदेशी सांधाही विकसित केला. परंतु वृत्तपत्रांनी आकृत्यांसह समजावून सांगितलेला गुडघा पंतप्रधानांचा होता. साहजिकच ही शस्त्रक्रिया पंतप्रधानांची, अर्थात श्रीमंतांची, अशी समजूतही त्याच वेळी दृढ झाली.

खर्चाचा हा अडसर पुढे काही अंशी दूर झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव देण्यात आले, आणि २०२३ मध्ये तिचे संरक्षण प्रति कुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपये ठरली, तर पूर्वी त्यासाठी सरासरी दीड लाखाहून अधिक रुपये आकारले जात होते. त्याच आदेशात अधिक वाकणाऱ्या, म्हणजे हाय-फ्लेक्स, सांध्यासाठी ५६,४९० रुपये अशी वेगळी किंमत दिलेली आहे. या वेगळ्या ओळीकडे पुन्हा वळावे लागेल.

मांडी घालता येईल का?

येथवर पाहिलेली प्रगती ध्यानात घेता निर्णय सोपा व्हावयास हवा होता. कृत्रिम सांधा आज टिकाऊ आहे. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार संपूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के सांधे पंचवीस वर्षे टिकतात, असा अंदाज आहे. वेदना बहुतेकांची कमी होते. दुसऱ्या बाजूस, पाचांपैकी सुमारे एक रुग्ण परिणामाबाबत असमाधानी असतो, असेही अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. या असमाधानाचे एक कारण वेदनेत नसून अपेक्षेत आहे.

प्रस्तुत लेखिकेच्या आईस पासष्टाव्या वर्षी दोन्ही गुडघे बदलण्याचा सल्ला मिळाला. क्ष-किरण चित्रात दोन हाडांमधील फट जवळजवळ उरलेली नव्हती. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेतील धोके नीट समजावून सांगितले. जंतुसंसर्ग, रक्ताची गाठ, भूल, सर्व काही. आईने विचारलेला प्रश्न एकच होता : "मांडी घालता येईल का?" ते टाळावे, असे उत्तर मिळाले. जमिनीवर बसू नये, उकिडवे बसू नये, ओझे उचलू नये. मग शेतात जाऊन करायचे काय, असे ती परतीच्या एसटीत म्हणाली. त्यानंतर तीन लावण्या झाल्या.

हा प्रश्न वैयक्तिक हट्टाचा नाही. पूर्ण उकिडवे बसताना गुडघा दीडशे अंशांच्या आसपास वाकतो. नेहमीचा कृत्रिम गुडघा साधारणतः ११० ते १२५ अंशांपर्यंत वाकतो. खुर्ची, पलंग, उभ्याचा ओटा आणि कमोड असलेल्या घरासाठी तेवढे पुरेसे आहे. ज्या समाजात या सांध्याची मूळ रचना झाली तेथे जीवन कमरेच्या उंचीवर चालते. आपल्याकडील घर, शेत, देवघर, पंगत, भजन हे सर्व जमिनीच्या पातळीवर चालत आले. पोलादपूर तालुक्यात वारकरी परंपरा दृढ आहे. तेथे भजनाला खुर्चीवर बसणे हे आजारपणाची जाहीर कबुली देण्यासारखे होते, आता ते बरेच रुळले आहे. अधिक वाकणारे सांधे आशियाई जीवनपद्धतीचा विचार करून पुढे आले, आणि किंमतपत्रकातील ती वेगळी ओळ याच इतिहासाची खूण आहे. असे सांधे प्रत्यक्षात सर्वांचाच गुडघा अधिक वाकवितात असे मात्र तुलनात्मक अभ्यासांत सातत्याने आढळलेले नाही. शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकत होता यावर नंतरचे बरेच अवलंबून असते. म्हणजे जी स्त्री फार उशिरा येते, तिला कमी मिळते.

येथे दिरंगाईच्या हिशेबाची दुसरी बाजू समोर येते. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे ते तीन महिने नियमित व्यायाम आवश्यक असतो. भौतिकोपचारतज्ज्ञ वाडीवर नसतो. मुंबई, पुणे किंवा डेरवण येथे जाऊन राहावयाचे तर सोबत माणूस हवा. तो माणूस म्हणजे बहुधा मुंबईचा मुलगा किंवा सून, आणि त्यांची रजा गणपती आणि शिमगा यांतच संपलेली असते. गुरे असतील तर ती कोणाकडे ठेवावयाची? कापणीनंतर आणि कवळ तोडण्यापूर्वी, म्हणजे मार्गशीर्ष ते माघ, एवढीच एक मोकळी जागा वर्षात सापडते. ती एकदा चुकली की प्रश्न पुढच्या वर्षावर जातो. पावसाळ्यात तर विचारच नको. वरंध घाट अलीकडे पावसात अनेकदा वाहतुकीस बंद ठेवावा लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, तेव्हा महामार्गावरील विश्वासही काही काळ वाहून गेला होता.

तथापि पुढे ढकलण्याची किंमत या प्रदेशात शहराहून निराळी असते, हे दरडींनी दाखवून दिले आहे. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव आदी गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे वाडी गाडली जाऊन ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वेळी महाड शहर पुराच्या पाण्यात होते, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. तेव्हापासून अतिवृष्टीचा इशारा आला की दरडप्रवण वाड्यांतील कुटुंबांना शाळेत किंवा सुरक्षित घरात हलविले जाते. हा आदेश चालू शकणाऱ्या माणसास उद्देशून असतो. काठीच्या आधाराने अंगणापर्यंत जाणाऱ्या वृद्धेस रात्री पावसात निसरड्या पाखाडीवरून उतरविणे म्हणजे डोली करणे, आणि डोलीला चार खांदे लागतात. वाडीत तरुण खांदे उरले आहेत कुठे? आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात गावनिहाय लोकसंख्या नोंदली जाते. त्यात किती जणांना चालता येत नाही याचीही नोंद असावी, असे सुचवावेसे वाटते.

शस्त्रक्रिया हा एकमेव मार्ग आहे असेही नाही. मांडीचे पुढचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजनातील घट यांनी वेदना कमी होते व हालचाल सुधारते, हे पुराव्याने सिद्ध आहे. यासाठी यंत्र लागत नाही. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणे एवढ्यापासून सुरुवात करता येते. घराघरांत उभ्याचा ओटा, नळाचे पाणी आणि गॅसची शेगडी आल्याने स्त्रीच्या दिवसातील कित्येक उठबशा कमी झाल्या. प्रस्तुत लेखिकेस असे वाटते की या परिसरातील गुडघ्यांवर सर्वांत मोठा उपचार कोणी केला असेल तर तो वाडीपर्यंत आलेल्या नळाने आणि रस्त्याने. जेथे नळ कोरडे आहेत तेथे फाल्गुन-चैत्रात हंडा पुन्हा डोक्यावर येतो. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागणे ही नवी गोष्ट नाही, आणि टँकर रस्त्यावर थांबतो, वाडी वर असते.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी साधने कोठे शोधावीत, हा प्रश्न उरतो. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये पिके, घाट, बंदरे आणि ताप यांची माहिती विपुल आहे, सांध्यांची नाही. ग्रामीण रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागाचे जुने केसपेपर हे एक साधन होऊ शकेल, पण ते ठराविक वर्षांनंतर नष्ट केले जातात. आईचा केसपेपर प्रस्तुत लेखिकेने जपून ठेवला आहे. त्यावर वय, वजन, रक्तदाब, क्ष-किरणाचा निष्कर्ष आणि शस्त्रक्रियेची शिफारस आहे. व्यवसाय या रकान्यात 'गृहिणी' असे लिहिले आहे.